चार बिऱ्हाडांचं कुलूप

अंबाजोगाईत रुद्रेशचा कॉम्प्युटर क्लास चालायचा, पण त्याहून जास्त त्याचं तोंड चालायचं. इंटरनेट गावात नुकतंच रुजत होतं आणि ज्याला त्याला आपलं नाव पडद्यावर बघायची हौस आली होती. त्या दिवसांत त्यानं वत्सलाकाकूंना गाठलं. काकू लिंगायत समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवायच्या. मुलींचे फोटो पत्र्याच्या पेटीत, पेटी पलंगाखाली, आणि मुलाकडच्या माणसांना घरी बोलावून, चहा पाजून पारखल्याशिवाय फोटो बाहेर निघायचा नाही. त्या पेटीची साइट करायची असं रुद्रेशच्या डोक्यानं घेतलं. भलत्यासलत्यांनी बघितलं तर, एवढंच काकूंनी विचारलं. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की कुलूप लावलंय, तुमच्या पेटीपेक्षा भक्कम.

कुलूप होतं, ते काही खोटं नव्हतं. पण इंटरनेटवरची ती जागा भाड्याची होती आणि तिथंच त्यानं आणखी तीन साइट्स कोंबल्या होत्या. एक बियाण्यांच्या दुकानाची, एक स्वतःच्या क्लासची आणि एक मोबाइलसाठी नट्यांची चित्रं पुरवणाऱ्या मित्राची. चार बिऱ्हाडांना एकच व्हरांडा आणि चावीही एकच. वेगळी जागा घ्यायचा त्याला कंटाळा, आणि कंटाळ्याला काटकसर म्हणायची सवय. मित्राच्या साइटचं सॉफ्टवेअर फुकटचं, जुनं, फटी पडलेलं. चोर तिथून शिरला आणि व्हरांड्यातून थेट मुलींच्या फोटोंपर्यंत पोचला.

एका सकाळी नांदूरघाटच्या कावेरीचा फोटो, नावगावासकट, भलत्याच एका साइटवर घाणेरड्या चित्रांच्या रांगेत झळकला. पाटोद्याच्या ज्या घरात तिची सोयरीक ठरली होती, त्या घरातल्या पोरांनीच तो पाहिला. सोयरीक थांबली.

रुद्रेशनं साइट बंद केली आणि गावभर सांगत सुटला, की परदेशातल्या चोरांनी हल्ला केला, मोठमोठ्या कंपन्यासुद्धा यातून वाचत नाहीत. लोकांना ते पटलं. दोघातिघांनी तर पाठ थोपटली, एकटा झुंजतोय बिचारा म्हणून. त्या थापांनी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्राची साइट शेजारी ठेवली होती, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काकू पाटोद्याला जाऊन आल्या. पोरीचा काही दोष नाही, चूक माझी, असं म्हणून त्यांनी मुलाच्या बापापुढं, तो वयानं लहान असूनही, हात जोडले. तो म्हणाला, फोटो तिथं गेला कसा, ते ज्यानं काम केलं त्यानं समोर येऊन सांगावं, मग बघू.

तिथून त्या तडक रुद्रेशच्या घरी आल्या. 'शरणार्थ' असा नमस्कार घालून ओसरीवर टेकल्या, पाणीही घेतलं नाही. त्यानं परदेशी चोरांचं पुराण पुन्हा लावलं. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला त्यातलं काय बी कळत न्हाई बाळा," त्या म्हणाल्या. "पर तुज्या बहिणीचा, ईश्वरीचा फोटो बी माज्या पेटीत हाय. तू समद्या पोरींचे फोटो त्या मशिनीत घातलेस. तिचाच कावून न्हाई घातला?"

ईश्वरीच्या फोटोचं ते एक पाकीट रुद्रेशनं त्या दिवशी गुपचूप बाजूला सारलं होतं. का सारलं, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. लाजेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आतल्या दारात ईश्वरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भावाकडं न बघता तिनं काकूंची पिशवी उचलून हातात घेतली.

"काकू, पाटोद्याची गाडी कवा हाय?" ती म्हणाली. "दादा येतोय तुमच्या संगं. मी बी येते, ह्यानं समदं सांगितलं का न्हाई ते ऐकाया."

रुद्रेश खाली बघतच चपला शोधू लागला.