कुरकुरण्याआधीचं तेल

मित्रांनो, टेलरच्या दुकानात खिडकीपाशी एखादं काळं, जुनं शिलाई मशीन दिसलं, तर समजा ते मीच. कारखान्यातून मला आणलं तेव्हा अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. आता ती मानेखालीच काय ती उरलीय. पण टाका अजून सरळ पडतो हो, उगाच नाक मुरडू नका!

माझे मास्तर मला जिवापाड जपायचे. सकाळी दुकान उघडलं की आधी मला कुपीतून तेल, मग स्वतःला चहा. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, मशीन तर गप्प आहे, तेल कशाला?"

"अहो, कुरकुरू नये म्हणूनच तर!" मास्तर ऐटीत सांगायचे.

एके सकाळी मास्तर लंगडत आले. उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. पायडलवर पाय टेकवला मात्र, "आई गं!" म्हणून कळवळले. मुरगळला असेल म्हणून त्यांनी तो तेल लावून खसाखसा चोळला. ते तेल आगीतच पडलं म्हणायचं.

मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुखणं गाउटचं निघालं. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक खडे साठतात म्हणे. सूज उतरवायच्या गोळ्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि उशीवर पाय, एवढ्यावर मास्तर हिंडू-फिरू लागले.

पण दुखणं पुन्हा उलटलं. ते शमल्यावर डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली आणि बजावलं, "ही पुढचं दुखणं टाळायला आहे. सुरुवातीला मध्येच ठणकलं तरी माझ्याकडे या, पण हिला मनानं बंद करू नका."

मास्तरांनी ती थोडे दिवस घेतली. मग म्हणाले, "दुखतच नाही, तर गोळी कशाला?" गोळ्या फडताळात गेल्या.

आणि अंगठा असा ठणकला की अंगावरची चादरही सोसेना. माझ्यावर धूळ चढली. शेवटी मास्तर म्हणाले, "विकून टाकू हे मशीन. पायच चालेना, तर ठेवून काय करू?"

मित्रांनो, मी लोखंडाचं खरं, पण भंगारवाल्याची हाक मलाही ऐकू येते.

काकूंनी तेलाची कुपी उचलून त्यांच्यापुढे धरली. "हे रोज का घालत होता?"

"कुरकुरू नये म्हणून."

"आणि ती गोळी?"

मास्तरांनी कुपीकडे पाहिलं, मग पायाकडे. "अगं, फडताळातल्या गोळ्या काढ," ते म्हणाले. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारून येऊ."

आता सकाळी मला तेल, मास्तरांना गोळी आणि तांब्याभर पाणी, मग चहा. मध्ये एकदा अंगठा कुरकुरला. बर्फ ठेवला, दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, पण रोजची सोडली नाही.

मित्रांनो, निमूटपणे राबणाऱ्याची विचारपूस तो गप्प आहे तोवरच करा, मग ते मशीन असो की स्वतःचा पाय. परवा माझ्या पायडलवर मास्तरांचा उजवा पाय पडला, अगदी पूर्वीसारखा, पूर्ण वजनाचा. आणि मला विकायचं आहे, हे मास्तर साफ विसरले.