वायर कुणाच्या गिटारला?

“या कारंज्यापायी धाकटीचं काही म्हणता काही ऐकू येत नाही,” बाकावरची म्हातारी नवऱ्याच्या कानाशी लागून कुरकुरली. “बंद पडलेलं होतं तेच बरं होतं. कुणी सांगितली होती दुरुस्ती?”

“मग पुढे जाऊन बसू.”

“पुढे काय, पुढे मोठीच ऐकू येते.”

मोठी तेव्हा त्याच बाकामागे ओणवी होऊन गिटारच्या पिशवीची चेन ओढत होती. चेन अर्ध्यात अडकली, आणि तिच्याबरोबर तीही. वाईट असं कुणी काही बोललं नव्हतं. म्हातारीने नावं ठेवली नव्हती, नाक मुरडलं नव्हतं. त्यापेक्षा सरळ तोंडावर शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं. शिवीला निदान उत्तर देता येतं.

घरीदारी तिला सगळे ताईच म्हणत. वय सत्तेचाळीस. चष्म्याच्या दुकानात ती फ्रेममध्ये काचा बसवायची, आणि गर्दी असली की गिऱ्हाइकांचे नंबरही काढायची. धाकटी बहीण तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, शाळेची बस चालवायची. दर रविवारी सकाळी तासभर दोघी बागेत कारंज्यापाशी बसून गिटार वाजवत. हा तास ताईनेच सुरू केलेला. गिटारही घरात आधी तिनेच आणली, कुणीतरी वापरून टाकलेली. बोटं कुठे ठेवायची ते ती चित्रांच्या पुस्तकातून शिकली, आणि मग पलंगावर मांडी घालून बसलेल्या धाकटीची इवलीशी बोटं एकेक करून तिने तारांवर टेकवली. “दुखतंय ताई,” म्हटलं की त्यांच्यावर फुंकर घातली. ही आठवण ताईला फार लाडकी होती. अलीकडे मात्र ती आली की आपणच आपल्या हाताने, असं एक वाक्य मनात सुरू व्हायचं आणि ती ते पुरं करायची नाही.

ती वाजवायची तेव्हा लोक छान ऐकत. ऐकता ऐकता मोबाइल बघत, पोराचं नाक पुसत. धाकटी वाजवायला लागली की रुमाल पोराच्या नाकापाशीच थांबायचा. ताई हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची आणि टाळ्या मात्र सगळ्यांच्या आधी वाजवायची.

कारंजं दुरुस्त झालं त्या रविवारी खुर्च्या मांडताना तिने धाकटीची खुर्ची पाण्याच्या बाजूला सरकवली. “माझ्या डोळ्यांवर ऊन येतं गं,” म्हणाली. ऊन यायचं, ते खरंच. पण चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला गॉगल मिळाला नसता, असंही नाही. धाकटी चकार शब्द न बोलता पाण्याशेजारी बसली. तेव्हापासून तिचे सूर लोकांपर्यंत भिजून पोचत.

म्हातारीची कुरकुर ऐकल्यावर ताईला आतून चोरटं समाधान वाटलं, मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिने घरी जाऊन जाहीर केलं की आपण आवाज मोठा करणारा डबा घेऊ. बॅटरीवरचा. बागेत प्लग नव्हता. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, “इथे झाडं लावायला जागा आहे, प्लग लावायला नाही.”

चौकशी केली तेव्हा कळलं की दोन गिटार लागतील असेही डबे असतात, पण ते उचलून बागेत न्यायला तिसरा माणूस लागेल. हातात धरून नेण्याजोगा जो असतो, त्याला गिटारची वायर एकच लागते.

“मग वायर कुणाच्या गिटारला?” ताईच्या नवऱ्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर चहाच्या कपात तोंड घातलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय बघणारा हा माणूस घरात कुणाला वर-खाली म्हणायला धजत नसे.

“माझ्या. सुरुवात मी करते ना.”

“बरोबर.”

“बरोबर म्हणजे?”

“बरोबर म्हणजे बरोबर. यात साखर घातलीयेस का गं?”

धाकटीला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, “बरोबर आहे, ताई. तुझ्याच.” इतक्या चटकन म्हणाली की ताईला तो होकार उशीखाली खडा असावा तसा रात्रभर टोचला.

गुरुवारी दुपारी दोघी वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला सगळे तारमास्तर म्हणत. लोकांच्या गिटारच्या तारा बदलण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. रविवारी तोही कधीमधी बागेत यायचा. त्याने काउंटरवर दोन डबे मांडले. एक लाल, एक काळा. दोन्ही पावाच्या मोठ्या लादीएवढे, वर कातडी पट्टा.

“लाल हलका आहे,” तो म्हणाला. “साधे सेल घातले तरी चालतो, ऐन वेळी संपले तर कोपऱ्यावर मिळतात. काळा चार्ज करावा लागतो, पण एकदा केला की पाच-सहा तास बघायला नको. वजन थोडं जास्त.”

“आवाज कुणाचा चांगला?”

“आवाज डब्याचा नसतो, ताई. विजेच्या गिटारचा डबा वेगळा. तो आवाजाला पावडर-लाली लावतो. तुमच्या या लाकडी गिटारला तसला नको. इकडून जे जाईल ते तिकडे पोचवलं की याचं काम संपलं. या दोन्हींत म्हणाल तर उन्नीस-बीस.”

“असं कसं? फरक असणारच,” ताई म्हणाली. तिला फरक हवा होता. “आपण नीट तपासू. आमच्याकडे नंबर काढतात तसं. एक काच, मग दुसरी काच. आधीचं बरं की आताचं? न बघता.”

“दुकानात सगळंच गोड वाटतं,” तारमास्तर म्हणाला. “बाहेर फुटपाथवर ठेवू. तुम्ही वाजवा, मी रस्त्यापलीकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतो. वाजवणाऱ्याला स्वतःचं खरं कधी कळत नाही.”

“चालेल. गिटार एकच, तुमची. तुकडाही एकच. मी लालवर वाजवते, ही काळ्यावर वाजवेल.”

धाकटीने तिच्याकडे बघितलं. “दोन्हींवर तूच वाजव ना, ताई. म्हणजे बरोबर कळेल.”

बरोबर तर तेच होतं. नंबर काढताना एका वेळी एकच काच बदलायची, हे ताई दुकानातल्या नवीन पोरींना पहिल्या दिवशी शिकवायची. दोन्ही बदलल्या तर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं वर दरडावायची. पण आज तिला डबे तपासायचेच नव्हते. तिला एकदा, फक्त एकदा, धाकटीच्या शेजारी उभं राहून आपली उंची बघायची होती, आणि कुणी विचारलं तर डब्याचं नाव पुढे करायचं होतं.

“तू पण वाजव,” ती म्हणाली. “नंतर म्हणशील, ताईने लादला.”

“मी कधी म्हटलंय असं?”

“म्हणत नाहीस तेच तर.”

दोघींनी वाजवलं. ताईने जीव ओतून वाजवलं. समोरच्या थांब्यावर उभ्या माणसाने मान वळवली तेव्हा तिला बरं वाटलं. धाकटी वाजवत होती तेव्हा ती आत जाऊन मुद्दाम तारांची पाकिटं चाळत बसली. मग तारमास्तरने तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले. कुठलं आधी लावायचं ते तोच ठरवणार होता. ताईने डोळे मिटले.

पहिला तुकडा आला. स्वच्छ, वेळेवर, एकही सूर न चुकलेला. छान, तिने मनात म्हटलं, पोरीची तयारी आहे. काहीतरी मात्र कमी होतं. पत्ता विचारला आणि समोरच्याने नीट सांगितला, असं काहीसं.

मग दुसरा. दुसऱ्या तुकड्यात सुरुवातीलाच एक सूर थोडा उशिरा आला, यावं की नको अशा विचारात दाराशी थांबल्यासारखा, आणि आल्यावर सगळं घर भरून गेलं. हे मी आहे, ताईला वाटलं. अशी वाजवते मी. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

“दुसरा,” डोळे न उघडताच ती म्हणाली. “प्रश्नच नाही. पहिला डबा नुसता बोलतोय. हा गातोय.”

तिने डोळे उघडले. तारमास्तर काउंटरची काच फडक्याने पुसत होता. ती आधीच लख्ख होती.

“दुसरा काळा ना?” धाकटीने खालच्या आवाजात विचारलं.

“काळा,” तारमास्तर म्हणाला.

काळ्यावर धाकटीने वाजवलं होतं.

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हेडफोन काढताना केस अडकले आणि ते सोडवायला तिला बराच वेळ लागला, म्हणजे तिने लावला. “बघा,” शेवटी ती म्हणाली. “म्हटलं नव्हतं, फरक आहे? काळा डबाच चांगला.”

“काळाच,” धाकटी लगेच म्हणाली.

“काळ्याचा गुण आहेच तसा,” तारमास्तरने दुजोरा दिला. पाच मिनिटांपूर्वीचं उन्नीस-बीस तो गिळून बसला होता. “बांधू?”

हो म्हणायचं आणि घरी जायचं. काळा डबा, वायर ताईच्या गिटारला, आणि सगळे खूश. पण त्या दोघांच्या तोंडावर एकाच वेळी जी सुटका पसरली, ती तिने बघितली. लहान मुलाची नजर खेळण्याच्या दुकानावरून हटवली की मोठ्यांच्या तोंडावर पसरते, तशी.

“नको,” ती म्हणाली. “आता मी काळ्यावर वाजवते.”

“अहो ताई, जेवायची वेळ झाली माझी.”

“दोन मिनिटं.”

तिने काळ्यावर वाजवलं, तारमास्तरने पलीकडून घेतलं, आणि तिने ऐकलं. स्वच्छ. वेळेवर. पत्ता नीट सांगितलेला.

“आता तू लालवर.”

“ताई, राहू दे ना. पावणेतीनला माझ्या बसची मुलं सुटतात.”

“वाजव.”

धाकटीने वाजवलं. ताई या वेळी आत गेली नाही, समोरच उभी राहिली. तिसऱ्याच सुराला धाकटीचं बोट घसरलं. पुढे आणखी एकदा घसरलं. तार कुठेतरी भुणभुणली. एकूण फार सुमार झालं.

धाकटी खाली मान घालून म्हणाली, “नाही जमलं. लालचा आवाजच वाईट.”

ही बोटं ताईने तारांवर ठेवली होती. खरंच कधी घसरतात आणि खोटंच कधी, ते तिला कळणार नाही तर कुणाला? मत्सर कसा असतो ते तिला चांगलं ठाऊक होतं, दोन वर्षं तिने तो घरात भाडेकरूसारखा सांभाळला होता. पण कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम वाईट वाजवतंय, हे कळल्यावर जे झालं त्यापुढे तो मत्सर फारच सभ्य वाटला.

“रविवारी पण असंच करतेस?”

धाकटी गिटारच्या खुंट्या चाचपू लागली.

“मला विचारतेय मी. बागेत पण असंच दाबून वाजवतेस?”

“कधी कधी.”

“तरी ते लोक तुलाच ऐकायला येतात.” ताईचा आवाज चिरकला. “आणि मी मूर्ख, तुला कारंज्याशेजारी बसवते. वाजव नीट. माझी शपथ आहे.”

धाकटीने गिटार पुन्हा मांडीवर नीट घेतली. मग वाजवलं. लाल डबा, हलका, साध्या सेलवरचा. त्यातून तोच सूर उशिरा आला, तसाच दाराशी थांबला. थांब्यावर बस आली, उघडली, मिटली, निघून गेली. तो मघाचा माणूस तिथेच उभा होता.

या वेळी हेडफोनची गरज पडली नाही.

“त्याचं काय आहे,” तारमास्तरने घसा साफ केला, “मघापेक्षा रस्त्यावरची वर्दळ जरा कमी झालीये. शिवाय सेल एकदा तापले की...”

“सेल तापले.”

“म्हणजे, तसं होतं कधी कधी.”

“मास्तर, तुम्ही जेवून या,” ताई म्हणाली. तो खरोखरच आत गेला, आणि पडद्यामागून जेवणाचा डबा उघडल्याचा आवाज काही आला नाही.

ताई धाकटीसमोरच्या स्टुलावर बसली. दिवसातून पन्नास वेळा गिऱ्हाइकांना विचारते त्याच आवाजात, अगदी सरळ, तिने विचारलं, “लालवर मी, काळ्यावर मी. काळ्यावर तू, लालवर तू. सांग. फरक कुठे आहे?”

“ताई, नको ना.”

“गिऱ्हाईक माझ्या मनासारखं उत्तर देतं, आणि मग वर्षभर चुकीचा चष्मा घालून ठेचकाळतं. मला तसं करू नकोस.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने मनगटाने पुसलं, गिटारमधून वायर काढली, हाताभोवती गुंडाळली, आणि गुंडाळी ताईच्या मांडीवर न ठेवता आपल्याच हातात ठेवली.

“डब्यांत काही फरक नाहीये,” ती म्हणाली. “मी तुझ्यापेक्षा चांगलं वाजवते, ताई.”