मालनबाईच्या लिंबोणीवरचं इंजिन

मी विहिरीवरचं डिझेल इंजिन बोलतोय. आवाज चढा लागला तर लागू द्या, गोड बोलायची माझी आता तयारी नाही. या उन्हाळ्यात ज्याला त्याला मी दिसलो की लाथ घालावीशी वाटली. मी लोखंडाचा, म्हणून मुकाट्यानं खाल्ल्या.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीतून निघालो, हिरवा रंग चढला आणि सत्तर साली कर्जत तालुक्यात बन्सीच्या मळ्यात बैलगाडीतून उतरलो. त्याआधी साहेबलोक जीपमधून येऊन सांगून गेले होते, "मोटेचे दिवस संपले. इंजिन घ्या, सुधारा." झालं! बन्सीनं मोट ओढणारी बैलजोडी विकली. मोटेच्या कातड्याच्या चपला झाल्या. बैलांच्या येरझाऱ्यांची धाव सपाट करून तिथं वांगी लावली.

साहेबांनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. बैल बांधावरचं गवत खाऊन काम करतो. माझा चारा समुद्रापलीकडच्या वाळूखालून निघतो, आणि तो कधी, किती, कुठल्या भावानं यायचा हे कर्जतात ठरत नाही. कुणी विचारलंही नाही. नवीन वस्तू घरात येताना कोण असलं काही विचारतो?

बन्सीची बायको मालनबाई. त्याच वर्षी तिनं लिंबोणीची रोपं लावली. बन्सीला ऊस हवा होता, पण ही हटून बसली आणि बाग झाली ती तिचीच झाली. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत खडक दिसू लागला. तेव्हा तेल मिळत होतं, पण पाणी नव्हतं. मालनबाई दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि टँकरवर मिळालेल्या कळशीतलं पाणी रोपांना तांब्यानं घालायची. घरातली भांडी नुसत्या राखेनं कोरडी घासली, पण बाग मरू दिली नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. विहीर भरली. हस्ताचा बहार लागला, झाडं फुलांनी पांढरी झाली, आणि आता तेल गेलं! तिकडं अरबांच्या मुलखात लढाई झाली, त्यांनी तेल आवळलं आणि इकडं कर्जतच्या पंपावर डब्यांची रांग लागली. लोक डबा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यात दगड घालायचे आणि कडुलिंबाच्या सावलीला बसायचे. मोठ्या बागायतदारांची पिंपं मागच्या बाजूनं भरून जायची. ती जाताना सगळ्यांना दिसायची, पण शिव्या बसायच्या त्या अरबांना आणि मला.

एकदा बन्सी असाच रिकामा डबा घेऊन आला आणि मला लाथ घालून म्हणाला, "ह्या आरबांनी बुडिवलं बगा, मास्तर!"

शामकांत मास्तर गावच्या शाळेतले. संध्याकाळी फिरत मळ्यापर्यंत यायचे. ते म्हणाले, "बन्सी, तेल त्यांच्या जमिनीतलं आहे. इतकी वर्षं परक्या कंपन्या म्हणतील त्या भावानं ते देत होते. आता ते देश एक झाले. तोट्या आवळल्या आणि म्हणाले, भाव आम्ही ठरवणार."

वाफ्यात गवत काढणाऱ्या मालनबाईनं मान वर केली. "म्हंजे माल त्यांचा आन भावबी त्यांचाच?"

"हो."

"मंग शिव्या कशापायी देता त्यांना? आपल्याला जमलंय का कधी ह्यातलं काई?"

मास्तर हसले. बन्सी तंबाखू थुंकला. पण मालनबाई हसली नव्हती. ते बोलणं तिच्या मनात घर करून बसलं.

चैत्र आला. फळं बोराएवढी झाली होती, पाण्याचा ताण बसता तर सगळी गळली असती. मालनबाईनं डबा निपटून काढला, पण माझी तहान भागेना. मग ती घरात गेली आणि वर्षाचं म्हणून घाण्यावरून काढून आणलेलं करडईचं तेल घेऊन आली.

"आगं, पोरांच्या कालवनातलं तेल लोखंडाला पाजतीस व्हय?" बन्सी ओरडला.

"पोरं चटनी कोरडी खातील. झाडं खानार न्हाईत," ती म्हणाली आणि ओतलं.

सगळ्या मळ्यात भजी तळल्याचा वास सुटला. शेजारच्या बांधावरची माणसं पोट धरून हसली. मी खोकलो, धूर ओकलो, पण चाललो. हसणाऱ्यांचा मला असा संताप आला होता, की पट्टा तोडून त्यांच्या अंगावर जावं! जगाच्या बाजारात तेल कमी पडलं की कर्जतच्या पोरांनी कोरडी भाकरी खायची, यात हसण्यासारखं काय होतं?

लिंबं तयार झाली. मऊ सालीची, रसाची. रंगनाथशेठ दरवर्षी आसपासच्या बागा घ्यायचा, तो आला. फळ हातात धरून त्यानं तोंड भरून वाखाणलं आणि भाव सांगितला. मालनबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"शेठ, पुन्या-मुंबईत तर लिंबू लई म्हाग झालंय म्हनत्यात!"

"झालंय की, वहिनी. पन डिझेल भडकलंय, ट्रकचं भाडं वाढलंय. ते म्या कुठनं द्यायचं? तुमच्याच भावातनं कापावं लागंल."

ऐकलंत? तेलवाल्यानं भाव वाढवला, पंपवाल्यानं वाढवला, ट्रकवाल्यानं वाढवला, शेठनं आपला नफा बाजूला काढून ठेवला. मग मालनबाईनं कुणाच्या भावातून कापायचं होतं?

"न्हाई देत," ती म्हणाली. "आरबांनी तोट्या बंद केल्या, तशी म्या बाग बंद केली. आमचा भाव आमी सांगनार." शेजारच्या गोजरबाई आणि छबूबाई यांच्याही बागा होत्या. तिनं दोघींना गाठून पटवलं. तिघी कंबर कसून उभ्या राहिल्या.

रंगनाथशेठ चिडला नाही, हेच मला खुपलं. तो निवांत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की, वहिनी. मला कुठं घाई हाय?" आणि निघून गेला.

पहिले काही दिवस मालनबाईची मान ताठ होती. मग फळं पिवळी पडली. देठ सुटायला लागले. सकाळी झाडाखाली पिवळा सडा असायचा आणि त्याला मुंग्या लागलेल्या. गोजरबाईच्या नवऱ्यानं गुपचूप शेठला बोलावून, तो देईल त्या भावानं बाग दिली. छबूबाईच्या घरीही तेच झालं. भरलेला ट्रक मालनबाईच्या बांधावरून गेला, थांबलासुद्धा नाही.

बन्सी कुऱ्हाड घेऊन आला. मालनबाई नासक्या लिंबांत बसली होती. हात आंबट पाण्यानं चरचरत होते, तरी वेचतच होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्यांचं तेल जमिनीत कितीबी वर्सं थांबतं. माझं लिंबू झाडाव आठ दिस थांबत न्हाई. आन एकी म्हनाल, तर त्यांचे देशच्या देश एक झाले, आमच्या तीन बायांचीबी घरच्यांनी टिकू दिली न्हाई."

"मंग बाजूला हो. तोडू दे."

ती उठून पहिल्या झाडाला पाठ लावून उभी राहिली. "झाडाला हात लावायचा न्हाई. इकायचंच आसंल तर ते इंजिन इका. बैल आना. मोट बांधू."

बन्सीची कुऱ्हाड खाली आली. आपल्याला विकायला निघालेल्या बाईचा मला राग यायला हवा होता, पण नाही आला. कुठं राग धरायचा हे मला आता नीट कळतं.

म्हणून आज मी पुन्हा बैलगाडीत आहे, मिरजगावच्या बाजारात. नट आवळलेत, अंग पुसलंय. तुम्ही माझ्या चाकावर हात फिरवताय, किती पाणी ओढतो ते विचारताय. भरपूर ओढतो! त्यात मी कधी कमी पडलो नाही. घ्यायचं तर घ्या मला. पण तेल नाही म्हणून उद्या मला लाथ घालण्याआधी, अरबांच्या नावानं बोटं मोडण्याआधी, तुमच्या गावच्या रंगनाथशेठला बांधावर अडवा. वाढलेला भाव एवढा समुद्र ओलांडून, एवढ्या लोकांचे खिसे भरत खाली येतो, मग त्याचं ओझं दर वेळी तुमच्याच डोक्यावर कसं उतरतं, हे त्याला विचारा. आणि विचारायला जाल तेव्हा तिघं जाऊ नका, सगळा तालुका घेऊन जा.