माउसच्या चाकावरचा प्रश्न

शाम राठोडच्या माउसला चौकशा करायची खोड होती, आणि ती त्याला शामनंच लावली होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका डाळमिलच्या वरच्या मजल्यावर, तो नोकरी करायचा ते सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. कोड लिहायच्या एडिटरमध्ये माउसचं मधलं चाक दाबलं की काय व्हावं, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. बाकीच्यांनी ते जसं आलं तसं ठेवलं. शामनं मात्र सुट्टीचे दिवस घालवून असं केलं, की कोडमधल्या कुठल्याही नावावर चाक दाबलं की पडद्यावर ‘तांडो कुणसो?’, म्हणजे ‘तांडा कुठला?’, असं उमटावं आणि ते नाव मुळात जिथं लिहिलंय ती फाइल उघडावी.

प्रश्न त्याच्या आईचा होता. बिजलीबाईच्या शेजारी एसटीत कुणीही बसो, राम राम झाला की ती आधी त्याचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, विचारायची. तांडा कळला की गोत कळतं, गोत कळलं की नातं निघतं, आणि मग दिग्रस येईपर्यंत तिच्या तोंडाला विसावा नसायचा. कोडमधल्या अनोळखी नावालाही असंच विचारावं, असं शामला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या खुशीला, म्हणजे मारेगावकडच्या शेतकऱ्याच्या पोरीला, हे इतकं आवडलं की तिनं आपल्या मशीनवरही तेच करून घेतलं. आईच्या गोष्टी शाम फक्त तिलाच सांगायचा. पुण्याच्या हॉस्टेलात त्याच्या बोलीची टिंगल झाली, तेव्हापासून बाकी जगासाठी तो नुसता दिग्रसचा होता. तांड्याचं नाव काढायचा नाही.

मग एका मोठ्या कंपनीचे साहेब पुण्याहून काम बघायला आले. त्यांच्या मनात भरलं तर वर्षभराची चिंता मिटणार होती. शामनं प्रोजेक्टर लावून भिंतीवर कोड दाखवायला घेतला आणि बोटाच्या सवयीनं चाक दाबलं. हातभर अक्षरांत आईचा प्रश्न भिंतीवर आला.

ही कुठली भाषा, साहेबांनी विचारलं.

“माहीत नाही, सर,” शाम म्हणाला. “आमच्या खुशीची गंमत आहे ती. काढून टाकतो.”

बोलला आणि त्याचे कान तापले. साहेब बिचारे रागावलेसुद्धा नव्हते. नुसतं कुतूहलानं विचारलं होतं, आणि या बहाद्दरानं सख्ख्या आईची ओळख नाकारली. वर दुसरीच्या नावावर बिल फाडलं.

खुशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. हो सर, मीच केलंय, म्हणाली. मग तिनं सगळं नीट सांगितलं. ही बंजाऱ्यांची गोरबोली, ही तांड्यावरची विचारायची रीत, आणि कोडमध्ये ती कशी कामाला येते. शब्द सगळे शामचे होते, उच्चार तेवढा मारेगावचा. साहेब खूश झाले. आमच्या पोरांनाही हे शिकवा, म्हणाले. मालकांनी खुशीचं तोंड भरून कौतुक केलं. ‘हे माझं आहे’ एवढं म्हणायला शामला अजूनही वेळ होता. पण तो माउसची वायर सरळ करत बसला.

मालक साहेबांना सोडायला खाली गेले, तसा शाम तिच्या टेबलाशी आला.

“माह्या मशीनवरचं काढून दे ते,” खुशी म्हणाली.

“राहू दे न. साहेबाले आवडलं.”

“साहेबाचं जाऊ दे. तू आपल्या मायचं कौतुकानं सांगून राह्यलता, म्हणून घेतलतं मी. तुलेच तिची लाज वाटते, तं मी कायले ठेवू?”

तिनं थोबाडीत दिली असती तर बरं, असं शामला झालं. लाजेनं मान वर होईना. तो तिच्या खुर्चीत बसला, सेटिंग उघडली आणि सगळं पुसलं. खुशीनं वाकून एका नावावर चाक दाबून पाहिलं. पडद्यानं काहीच विचारलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, आणि तो खुर्चीतून उठायची वाट पाहत उभी राहिली.