उसना नमुना

काकूनं डबी कुंपणावरून भिरकावली. ती वांग्याच्या वाफ्यात निंदत बसलेल्या नानांच्या पुढ्यात पडली.

"म्हणे चमचाभर शौच भरून द्या! त्या नर्सबाईला लाज नाही, म्हणून मलाही नसावी का?"

"अहो वहिनी, तपासणी आहे ती. हल्ली जंतूंवर औषधं चालेनाशी झालीत, ते बघतायत. तुमच्या पित्ताशयातले खडे काढायचेत ना?"

"मग खडे काढा म्हणावं. ही नसती चौकशी कशाला, भाऊजी?"

काकू शेजारीण, नात्यानं नानांची चुलत भावजय. नाना पायावर कुदळ बसून महिनाभर मोठ्या दवाखान्यात पडून नुकते घरी आलेले. त्यांनाही एक डबी मिळाली होती. मागं निंदणाऱ्या लेकीला वाटलं, आता वडील काकूची समजूत काढतील. नानांनी डबीवरची ओली माती पुसली.

"राहू द्या माझ्याकडं. मला काही तुटवडा नाही."

"नाना!"

"तू गप. कुणाला कळतंय?"

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी काकूला बोलावलं. नाना आणि लेकही सोबत गेली.

"काकू, तुमच्या आतड्यात भलतेच हट्टी जंतू निघालेत. नेहमीचं एकही औषध त्यांना लागू पडत नाही. ऑपरेशननंतर जखम चिघळली तर माझ्या हातात काही उरणार नाही. तुम्ही शहरात जा."

काकूचा चेहरा उतरला. रोज कळा येऊन ती उंबऱ्यावर दुमडून बसायची, आणि शहरात तिचं कुणी नव्हतं.

"उभ्या जन्मात गोळी गिळली नाही हो मी. कुठून आले हे?"

नाना पंख्याची पाती मोजत होते. लेकीनं त्यांच्या चांगल्या पायावर टाच रोवली.

"आई गं! डॉक्टर... ते माझे आहेत."

"कोण?"

"जंतू. दोन्ही डब्या मीच भरल्या."

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "तरीच! दोन पोटं इतकी सारखी कशी, म्हणून मी डोकं खाजवतोय!" नर्सबाईनं हसू लपवायला कपाटात डोकं घातलं.

पदराआडून काकू पुटपुटली, "दुसरी डबी आहे का?"

काकूच्या खऱ्या नमुन्यात तसले जंतू नव्हते. साध्या औषधांवर तिचं ऑपरेशन पार पडलं. नानांना डॉक्टर म्हणाले, "हे बहुधा दवाखान्यातून आलेत. गप्प आहेत तोवर औषध नको. पण पुढं आजारी पडलात तर आधी हे सांगायचं. साबणानं हात धुवा, आणि काकूंच्या जखमेपाशी फिरकू नका." 'गप्प आहेत तोवर' हे तीन शब्द लेकीच्या डोक्यातून बरेच दिवस गेले नाहीत.

काकू घरी आली तशा बायका जमल्या.

"डॉक्टर स्वतः म्हणाले, असं निर्मळ पोट पाहिलं नाही. नाहीतर काही लोकांची पोटं!" तिनं नानांच्या अंगणाकडं मान उडवली.

नाना ताडकन उठले. "थांबा, सांगतोच सगळ्यांना, काय झालं ते."

"सांगा की," लेक म्हणाली. "डबी कुणी भरली, तिथपासून सांगा."

नाना खुरपं घेऊन खाली बसले.