चकचकीत बाथरूम

घर विकायचं ठरलं, तेव्हा एजंट आधी बाथरूममध्येच शिरला. नळ उघडून पाहिला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम, लोक हॉल बघून खूश होतात आणि बाथरूम बघून भाव पाडतात. एवढं नवं करून घ्या, मग बघा कशी रांग लागते."

धाकटीला ते पटलं. धाकटी म्हणजे तीन भावंडांतलं शेंडेफळ. दोघे भाऊ परगावी, म्हणून आई हिच्याकडे. आता नवऱ्याची बदली झाली होती आणि घर विकणं भाग होतं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंट सांभाळायची. एकदा काम हातात घेतलं की तडीस नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

जुनी खरबरीत फरशी उखडली. भिंतीतला धरायचा दांडा निघाला, बसायचं स्टूल भंगारात गेलं. त्या जागी पांढऱ्याशुभ्र टाइल्स, काचेचं पार्टिशन आणि वर ताटाएवढा शॉवर आला.

आईने दारातूनच पाहिलं. "छान झालंय गं. पाय ठेवायचीसुद्धा भीती वाटते."

सगळे हसले.

पुढे रोज धाकटी दवाखान्यातून घरी यायची, तर बाथरूम कोरडं ठणठणीत. "आई बघ, आंघोळ झाली की काचसुद्धा पुसून ठेवते. शिक जरा," ती नवऱ्याला टोमणा मारायची.

एका शनिवारी दवाखाना लवकर बंद झाला. पडदा शिवायला टाकावा म्हणून ती तळमजल्यावरच्या टेलरकाकूंकडे गेली. खिडकीतल्या दोरीवर आईचा निळा गाऊन वाळत होता. हा इथे कसा, असं विचारणार, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ओल्या केसांनी आई बाहेर आली.

"आई? तू इथे?"

आई जागच्या जागी थिजली. टॉवेल खांद्यावरून घसरला आणि धाकटीला दिसलं, दंडापासून कोपरापर्यंत काळंनिळं झालेलं, कडेने पिवळं पडत चाललेलं.

धाकटीने टॉवेल उचलला. "कधी पडलीस?"

"नवीन झालं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. तू एजंटशी फोनवर बोलत होतीस. घराला भाव येईल म्हणून किती खुशीत होतीस! म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

टेलरकाकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मी रोज म्हणायचे, लेकीला सांगा. तर मलाच शपथ घातली."

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा हात धरून धाकटी त्याला खुर्चीपर्यंत नेत असे. आणि तिची स्वतःची आई आंघोळीसाठी लोकांच्या घरी जात होती.

ती तशीच आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हाड शाबूत होतं. घरी येते तो एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात हजर.

"अय्या, काय सुंदर बाथरूम!" गिऱ्हाईक बाई म्हणाल्या.

"फरशी ओली झाली की पाय घसरतो," धाकटी म्हणाली. "माझी आई पडली इथे."

एजंटचा चेहरा खर्रकन उतरला. बाजूला घेऊन तो कुजबुजला, "मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय?"

गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. धाकटीने दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. खरबरीत फरशी बसली, भिंतीत भोकं पाडून दोन दांडे ठोकले. त्यात एक टाइल तडकली.

"एजंट म्हणतोय, आता भाव पडेल," नवरा म्हणाला.

"पडू दे. माणूस पडण्यापेक्षा बरं."

शेवटी घर घेतलं एका गाण्याच्या मास्तरांनी. त्यांनी प्रत्येक खोलीत टाळी वाजवून घुमतं का ते ऐकलं, भिंतींची जाडी विचारली. बाथरूममध्ये नुसतं डोकं घातलं. "पाणी येतं ना?" झालं.

बोली ठरली तेव्हा नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिले. जुन्या बाथरूमसकट या घराचे जेवढे येतील असं एजंट पहिल्या दिवशी म्हणाला होता, बरोब्बर तेवढेच. ना वर, ना खाली.

नव्या गावात घर बघायला धाकटी आईलाही घेऊन गेली. आई बाथरूममध्ये शिरली, तेव्हा धाकटी तिचा हात धरून आत गेली.