आकडा कुठल्या दिवशी वाचतात

बाजारात तिला सगळे काटेबाई म्हणत. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे आणि तपासून परत द्यायचे, हा तिचा धंदा. आधी नवऱ्याचा होता, तो गेल्यावर तिचा झाला.

गाळा एवढासा. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पोट आत घेऊन उभं राहायचं. पण त्या गाळ्यात एक ओटा होता. नवऱ्याने जमीन खणून, खाली दगड भरून, भिंतींपासून चार बोटं सुटा बांधलेला. रस्त्यावरून मालाचा ट्रक गेला तरी त्या ओट्यावरच्या काट्याचा आकडा हलत नसे. पाणसळ ठेवली की बुडबुडा मधोमध येऊन गप्प बसे. गाळा दुसरा मिळाला असता. ओटा काही पाठीवर टाकून नेता आला नसता.

त्यामुळे गाळ्याचा मालक दारात येऊन म्हणाला, "मी हा विकतोय, पहिला हक्क तुमचा, तीन महिने थांबतो, नाहीतर शेजारचा चपलावाला पैसे घेऊन तयारच आहे," तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी कागदांची पिशवी घेऊन बँकेत जाऊन बसली.

कर्ज खात्यातल्या मुलीने सगळे कागद उलटसुलट पाहिले, मग संगणकात काहीतरी पाहिलं आणि चष्मा वर सरकवला.

"काकू, बाकी सगळं चोख आहे. पण तुमचा क्रेडिट स्कोअर सातशे एकोणतीस येतोय. या कर्जाला साडेसातशे लागतो."

"म्हणजे एकवीस मार्कांनी नापास?"

"तसंच म्हणा."

काटेबाईने पिशवीतून वही काढली. फोनवर महिन्याला तो आकडा दिसायचा, आणि दिसलेला आकडा लिहून ठेवायचा हे तिच्या हाडात मुरलेलं. "वर्षाच्या सुरुवातीला सातशे अडुसष्ट होता. हे बघ, तारीख घालून लिहिलंय. मधल्या काळात मी एकही हप्ता, एकही बिल एक दिवस उशिरा भरलेलं नाही. मग एकोणचाळीस गेले कुठे?"

मुलगी ओशाळली. "कधी कधी एका कारणाने उतरतो, कधी दोन-तीन मिळून. हा तुमचा अहवाल. नीट वाचा, काही चुकीचं दिसलं तर तक्रार करता येते."

दुसरी कुणी असती तर रडली असती नाहीतर भांडली असती. काटेबाईला मात्र वाटेतच वेगळीच हुरहुर लागली. आपण उधारी कशी वापरतो आणि कशी फेडतो त्याचं कुणीतरी वजन करतंय, तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठेतरी आकडा थांबतोय, आणि तो काटा आपण अजून उघडूनही पाहिलेला नाही! आयुष्यभर लोकांचे काटे उघडले, आणि स्वतःला ज्यावर तोलतात तो राहिलाच.

घरी नणंद होती. वयाने मोठी, शिवणकामात अख्खा जन्म गेलेला, आणि प्रत्येक गोष्टीवर मत तयार.

"तू सारखी बघतेस ना तो आकडा, म्हणून उतरला."

"ताई, बघितल्याने वजन उतरत असतं तर मी आरशासमोरून हललेच नसते."

"बरं, मग चार बँकांत अर्ज टाक. एक नाही म्हणाली तर दुसरी हो म्हणेल."

"एका वेळी चार स्क्रू फिरवायचे नसतात. कशाने काय झालं ते मग ब्रह्मदेवालाही कळत नाही."

"घ्या! कर्ज मागायला निघालीय आणि गोष्टी स्क्रूच्या करतेय."

जेवणाची भांडी बाजूला सारून दोघी टेबलावर अहवाल पसरून बसल्या. एकेक ओळीखाली पट्टी धरून काटेबाई वाचत गेली. हप्ते, वेळेवर. बिलं, वेळेवर. एका ओळीपाशी नणंदेने बोट ठेवलं. "हे 'बंद' काय लिहिलंय?"

"माझं जुनं कार्ड. एक लाखाच्या मर्यादेचं. दोन वर्षं वापरलंच नाही, मग म्हटलं कशाला ठेवायचं. यंदा बंद करून टाकलं."

"आठवलं. पत्रा कापायच्या कात्रीने कापलंस आणि मला तुकडे दाखवत फिरलीस."

खरं होतं ते. तिच्या धंद्यात पारडं रिकामं आणि आकडा शून्य, याच्यासारखं सुख नाही. तिथूनच तर खरं मोजणं सुरू होतं. तोच नियम तिने कार्डाला लावला होता.

राहिलं दुसरं कार्ड. मर्यादा पंचवीस हजार. त्याच्यावर ती काट्यांचे सुटे भाग मागवायची. त्याच्यापुढचा आकडा वाचून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाकी वीस हजार एकशे चाळीस? अहो, पण हे तर मी फेडलेत! बावीस तारखेला, पै न् पै!"

"सापडली चोरी," नणंद सरसावून बसली. "उद्याच तक्रार कर. मीही येते, दोन शब्द सुनावते."

काटेबाई उठलीसुद्धा होती. मग पुन्हा बसली. कितीतरी दुकानदार तिच्याकडे असेच तावातावाने येत. काटा खोटा बोलतो म्हणत. आणि दहातल्या चारांनी काट्यावर टोपली तशीच ठेवलेली असे. त्यांना ती एकच प्रश्न विचारायची. तोच तिने आता स्वतःला विचारला.

आकडा वाचला तेव्हा काट्यावर काय होतं?

तिने पट्टी पुन्हा त्या ओळीवर धरली आणि बाजूचा बारीक रकाना पाहिला. तारीख होती पाच. कार्डाचं बिल निघतं ती तारीख. पैसे भरायची शेवटची तारीख तेवीस, ती भरायची बावीसला. म्हणजे पाच तारखेला कुणीतरी येऊन आकडा वाचून जात होतं, आणि तेव्हा तिचं पारडं गच्च भरलेलं असे. ते रिकामं व्हायचं बावीसला, आणि तेव्हा बघायला कुणीच नसे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "काटा खरा आहे. टोपली माझीच आहे."

"आता हे काय नवीन?"

सकाळी बँक उघडायच्या आधी ती पायरीवर हजर. कर्ज खात्यातली मुलगी ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा झोपाळूपणा उडाला.

"बरोबर ओळखलंत काकू. कार्डवाले बहुतेक बिल निघाल्यावरचीच बाकी कळवतात. आणि आधी तुमची दोन कार्डं मिळून मर्यादा सव्वा लाख होती. त्यातले वीस हजार वापरले तर कोण बघतंय! ते मोठं कार्ड गेलं आणि उरले पंचवीस. त्यातले वीस वापरले की बाहेरच्याला वाटतं, बाईंचा हात तंग आहे."

"मी तर हात मोकळा केला म्हणून खूश होते."

"बरेच जण तसंच करतात."

"आणि मी रोज आकडा बघितला तर?"

"तुम्ही स्वतः बघितल्याने काही होत नाही. कर्ज मागायला गेलात की ती बँक बघते, त्याची मात्र नोंद होते. आमची एक झालीच आहे. आता उगाच चार ठिकाणी अर्ज करू नका."

"हे माझ्या नणंदेला फोनवर सांगशील का?" काटेबाई म्हणाली. "माझं ती ऐकत नाही."

पैसे भरायचे ते तिच्या खात्यात पडूनच असत; शेवटच्या दिवसापर्यंत ते हातात धरून ठेवायचे ही तिची जुनी खोड. ती तिने मोडली. तीन तारखेलाच सगळी बाकी भरली. बाकी काहीही बदललं नाही. वहीत लिहिलं: बदल एक, पैसे बिलाआधी.

महिनाभराने आकडा आला सातशे शेहेचाळीस.

"चार!" नणंद कपाळाला हात लावून बसली. "चार कमी! चारने काय बिघडतं? बाजारात सूट असतेच की."

काटेबाईनेही बँकेत हेच विचारलं होतं. प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते, तुमच्या काट्याला किती? मुलगी म्हणाली होती, एकाचीही नाही.

आता महिनाच उरला होता. चपलावाला गाळ्यात डोकावून भिंतीची लांबी डोळ्यांनी मोजून जाऊ लागला. एकदा तर ओट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा फोडावा लागेल." काटेबाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली. तो जोड्याने जमीन चाचपत निघून गेला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी काम करता करता तिच्या मनात एक गोष्ट आली. एका भाजीवाल्याचा काटा ओट्यावर होता. पारडं रिकामं, आकडा शून्य. पण नुसत्या शून्यावरून काटा बरा आहे की बंद पडलाय, हे कसं सांगणार? तिने चिमट्याने पितळेचं लहानसं वजन उचलून ठेवलं. काटा जागा झाला. कार्डावर पाच तारखेला नुसतं शून्य दिसलं, तर ते वापरात आहे हे तरी कुणाला कसं कळणार?

या खेपेला तीन तारखेला तिने सगळी बाकी भरली, नऊशे सोडून. ते पुढे बिल आल्यावर वेळेत भरले. नणंद म्हणाली, "हे बरं, फेडायला निघालीस आणि चिल्लर मागे ठेवलीस." काटेबाईने वहीत लिहिलं: बदल दोन, नऊशे.

मालकाची मुदत संपायला आठ दिवस होते तेव्हा आकडा आला. सातशे त्रेपन्न.

नणंदेने फोन स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "नऊशेने झालं?"

"कुणास ठाऊक. ती बँकेची चौकशी जुनी होत चाललीय, त्यानेही असेल. दोन महिन्यांवरून नाही सांगता येत." आणि खरोखरच तिने 'नऊशे'पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

कर्ज मंजूर झालं. सह्या करताना कर्ज खात्यातली मुलगी म्हणाली, "एक आधीच सांगते, काकू, नाहीतर पुन्हा पायरीवर येऊन बसाल. नवीन कर्ज दिसलं की तुमचा स्कोअर थोडा उतरेल. घाबरू नका. हप्ते वेळेवर गेले की पुन्हा चढतो."

"उतरणारच. एवढं मोठं ओझं ठेवलंय त्याच्यावर," काटेबाई म्हणाली. मग पेन हातातच धरून तिने विचारलं, "पण किती गं?"

"ते मलाही माहीत नाही."

गाळ्यात परत आल्यावर तिने ओट्यावर हात फिरवला आणि मग तिथेच वही उघडली. नणंद स्टुलावर बसून चहा फुंकत होती.

"ताई, अंदाज सांगा. किती उतरेल?"

"मला काय विचारतेस? मी शिवणारी."

"बारा म्हणू?"

"बारा फारच कमी. वीस," नणंद म्हणाली. "आणि मी जिंकले तर पुढे कधी नवीन कार्ड घेतलंस की मला न विचारता त्याला कात्री लावायची नाही."

काटेबाईने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, खाली तारीख घातली, आणि ओट्यावर दुरुस्तीला आलेला दुसरा काटा सरळ केला.